टिफिनराव

जेवणाच्या सुट्टीला अजून सव्वा तास असतो. तेवढ्यात टिफिनरावांची खुर्ची करकरत माझ्या टेबलाशी येते. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण असा एक इसम प्रत्येक कचेरीत असतो, आणि स्वतःचा डबा तो कधीच आणत नाही.

“टिफिन हा शब्द मूळचा कुठला, सांगा पाहू?”

मी विचारात पडतो. तोवर डब्याची कडी निघालेली असते.

“कुणी म्हणतात अरबी, कुणी चिनी. सगळं थोतांड!” पोळीचा पहिला तुकडा आत जातो. “अस्सल इंग्रजी! 1785 साली फ्रान्सिस ग्रोसनं इंग्रजांच्या गावरान, शिवराळ बोलीचा कोश काढला. त्यात आहे ‘टिफिंग’. म्हणजे जेवणाची वेळ सोडून खाणंपिणं. आपण आत्ता करतोय ना, तेच!”

‘आपण’ हे मोठ्या मनाचं. हात एकट्याचाच चालू असतो.

शेवटचा ‘ग’ गळला, कंपनीच्या साहेबांनी हिंदुस्थानात दुपारच्या हलक्या जेवणाला ‘टिफिन’ म्हणायला सुरुवात केली, 1886 साली यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्याची नोंद केली, हे सगळं भेंडीच्या भाजीबरोबर उरकतं. विलायतेत हा शब्द म्हातारा झाला. आपल्याकडे मात्र रोज लोकलनं प्रवास करतो. इथे टिफिनराव हळवे होतात आणि लोणच्याकडे वळतात.

“आणि ‘टिफ’ म्हणजे पूर्वी हलकं, पातळ मद्य. त्याचा घोटही.” ताकाची बाटली उचलली जाते.

माणूस खोटं बोलत नाही, हे मान्य केलं पाहिजे. मी स्वतः कोश उघडून ताडून पाहिलं. सगळं बरोबर निघालं. फक्त ग्रोसच्या त्याच नोंदीत, त्याच ओळीत, ‘टिफिंग’चा आणखी एक अर्थ दिला आहे: वाद, भांडण, बेबनाव. दोन वर्षं रोज व्युत्पत्ती सांगणाऱ्या या गृहस्थांनी तेवढा अर्थ आजवर गिळला.

उद्या डब्यात भरली वांगी आहेत. दुसरा अर्थ मी सांगणार.