नीळ नासल्यास

वसईच्या वालीव नाक्यावर वाण्याकडे ‘नीळ द्या’ म्हटलं की तो छोटीशी बाटली काढून देतो. ती घेऊ नये. ती पांढरा सदरा आणखी पांढरा दिसावा म्हणून असते. आपल्याला त्याच सदऱ्याचा सत्यानाश करायचा आहे. त्यासाठी झाडपाल्यापासून केलेली, वजनावर मिळणारी खरी नीळ मागवावी.

जागा म्हणून औद्योगिक वसाहतीतला गाळा उत्तम. एका बाजूला प्लास्टिकचं मशीन, दुसऱ्या बाजूला लेथ असला की आपल्या रंगाच्या पिंपाच्या वासाकडे बोट दाखवायला कोणाला तोंड उरत नाही. पाण्यासाठी टँकर सांगून ठेवावा.

प्रमाण सोपं आहे: 50 ग्रॅम नीळ, 100 ग्रॅम चुना, 150 ग्रॅम फळसाखर. चुना पानटपरीवर मागू नये, तो नखाएवढाच मिळतो. फळसाखर नसेल तर अतिपिकलेली केळी उकळून त्यांचं गाळलेलं पाणी चालतं, आणि इथेच वसईकराची कसोटी लागते. राजेळी आणलीत तर घरची वडीलधारी मंडळी ती सुकवून सुकेळी करायला ठेवून घेतील. तयार सुकेळी पिंपात टाकणाऱ्याला तर स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला पाऊल ठेवू देऊ नये.

एवढा खटाटोप कशाला, तर नीळ पाण्यात विरघळत नाही. चुन्याच्या संगतीने साखर तिला फितवते. मग ती निळेपण सोडते, पिवळट-हिरवी होते आणि निमूट पाण्यात उतरते. कापड बाहेर काढलं की हवा लागून तिला आपलं मूळ आठवतं. हिरवं कापड बघता बघता, दोरीवर लोंबतानाच, कडांकडून निळं होत जातं. जर्मनीच्या बायर यांनी या निळीची घडण उलगडली; 1905 साली त्यांना नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा होता. टँकरची वाट त्यांना पाहावी लागली नसावी.

कापड आधी धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढावी. नक्षीसाठी मुगाचे दाणे बांधतात. आपण शेजारच्या लेथवाल्याकडून वॉशर आणि नटबोल्ट आणावेत. गंज उतरून तपकिरी डाग पडले, तर त्याला कला म्हणावं आणि किंमत दुप्पट लावावी.

पिंप ठीक असेल तर वर तांबूस साय आणि निळा फेस येतो. साय नाही, खालचं पाणीही निळंच, म्हणजे नीळ नासली. पुस्तकं सांगतात ऊब द्या, थोडी साखर वाढवा, थांबा. जुन्या रंगाऱ्यांचा उपाय निराळा होता: गावात एक धादांत खोटी बातमी सोडायची. ती जितकी पसरेल तितकी नीळ सुधारते, अशी समजूत. हिंदीत यावरून वाक्प्रचारही आहे.

माझं पिंप नासलं तेव्हा मी दोन्ही उपाय केले. साखर घातली आणि चहावाल्या पोऱ्याला हळूच सांगितलं, “एक तारखेपासून नाक्यावर चोवीस तास पाणी येणार.” संध्याकाळी शेअर रिक्षात चालकानेच मला बातमी दिली, “साहेब, पाणी येतंय. सह्या झाल्यात. पाइप उतरलेत, आमच्या मेव्हण्याने पाहिलेत.”

सकाळी झाकण उघडलं. साय आली होती, चांगली बोटभर रुंद तांबूस पट्टे. मी आनंदाने टँकरवाल्याला फोन लावला आणि पुढच्या महिन्याचे टँकर रद्द करून टाकले.