वज्रधराचे बप्पा

येडशीच्या स्टँडजवळच्या टपरीवर दोनशेपानी वही मांडीवर घेऊन बसलेला माणूस दिसला, तर चहा उभ्यानंच घ्यावा. बसलात की वज्रधर ऐकावा लागतो.

वहीवाला माणूस म्हणजे बप्पा, आणि वज्रधर हा त्यांच्या कादंबरीचा नायक. तो डोंगर उचलतो, बंदुकीची गोळी दातात धरतो, मनात आलं की अदृश्य होतो. एकदा त्यानं अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे करंगळीनं थांबवली. टपरीवाला म्हणाला, "तिला तर आमची म्हैस बी थांबवायची, बप्पा." बप्पांनी तिथल्या तिथं रूळ रुंद केले आणि वर मिरजेची मोठी गाडी आणली. रेल्वेला याच कामासाठी कैक वर्षं लागली होती.

स्वतः बप्पा कंडक्टरकडं राहिलेले पाच रुपये मागत नाहीत. तिकिटामागं लिहून दिलेले आकडे खिशात जपून ठेवतात. घरी काकूंनी "दळण आणलं का?" विचारलं की वही आधी पोत्याखाली जाते. वज्रधराला मात्र ते कुणापुढं मान तुकवू देत नाहीत. त्यामुळे खलनायकांचा फार तुटवडा आहे. भलाथोरला राक्षस अर्ध्या पानात आटोपतो आणि उरलेल्या पानभर वज्रधर मिशीला पीळ देतो.

नारायण धारपांच्या भयकथांतला समर्थ काय कमी ताकदीचा होता? पण आधी ते घर, तो वास, रात्री दचकून उठणारी माणसं. वाचणारा घामाघूम होऊन दाराकडं बघत बसायचा, की समर्थ येणार कधी! बप्पांचा वज्रधर पहिल्याच ओळीत चपला काढून आत आलेला असतो. भ्यायला कुणाला सवडच नाही.

हे सांगून बघितलं. पटलं नाही. मग मी घरचंच उदाहरण काढलं. "बप्पा, आपल्या रामलिंगाला जटायूची समाधी आहे. जटायू तर हरला. तरी लोक अजून त्याच्यासाठी दरी उतरून जातात. का?"

"बळ कमी पडलं बिचाऱ्याचं," बप्पा हळहळले. "त्या दिवशी वज्रधर पायजे होता. रावणाला हितंच आडवा केला आसता."

"म्हणजे सीता इथूनच परत?"

"व्हय की! दुपारच्या आत."

"मग लंका नाही, सेतू नाही. मारुतीला काय काम उरलं?"

बप्पांचा हात कपाळाकडं गेला. तिथं शेंदूर होता. शनिवार होता, उपास होता, सकाळीच तेल घालून आले होते. रामायण येडशीतच उरकल्यावर ते तेल कुणाला घालायचं? शिवाय ज्याला स्वतःचं बळ आठवत नव्हतं, जांबुवंतानं आठवण करून दिल्यावर जो उडाला, तो मारुती आपल्या वज्रधरामुळं घरी बसणार, हे पाप बप्पांना पेलेना. चहावर साय धरली.

बऱ्याच वेळानं त्यांनी पेन उघडलं. "ठरलं. मारुतीरायाचा मान म्हणून शनिवारी वज्रधराची शक्ती बंद."

"आन् शनिवारीच आमची डीपी जळाली तर?" टपरीवाल्यानं आतून विचारलं.

बप्पांनी त्याच्याकडं रागानं पाहिलं. मग वहीकडं पाहिलं. मग लिहायला लागले. डीपी जळाली होती, सोयाबीन फुलोऱ्यात होतं, पावसानं ओढ दिली होती, आणि डोंगर उचलणारा वज्रधर वीज कार्यालयाच्या व्हरांड्यात हातात अर्ज घेऊन उभा होता. पुढं सतरा माणसं. अर्जावर सही राहिलेली.

बाकडं हळूहळू भरलं. टपरीवाला पातेलं तसंच ठेवून बाहेर आला.

"मंग? भेटली का डीपी?"

"थांब," बप्पा मान वर न करता म्हणाले. "सायेब जेवायला गेल्यात."