कंट्रोल कुठाय?

शेवाळकाका आमटी प्यायच्या आधी वाटी गोल गोल हलवतात. मग ट्यूबलाइटसमोर धरून रंग बघतात, तळाशी काही बसलंय का बघतात आणि मगच तोंडाला लावतात. ताक, सरबत, कोकम, कशालाच सुटका नाही. एकदा सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांनी तळहातावरचं तीर्थही असंच हलकेच फिरवायला घेतलं, तेव्हा गुरुजी म्हणाले, "काका, प्यायचं असतं ते."

दोष नोकरीचा आहे. रोज सकाळी मानखुर्दहून पनवेल गाडी पकडून, वाशीला गाडी बदलून काका खाडीपलीकडच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत जातात आणि तिथे शेवाळाला विष घालतात. नवीन तणनाशक असो, रंग असो की साबणातलं एखादं रसायन, ते उद्या नाल्यातून नदीत गेलं तर पाण्यातल्या जिवांचं काय होईल, हे विकण्याआधी दाखवावं लागतं. म्हणून गोड्या पाण्यातलं शेवाळ फ्लास्कमध्ये घ्यायचं, रसायन चढत्या मात्रेनं घालायचं, फ्लास्क उजेडात हलत ठेवायचे आणि 72 तासांत शेवाळ किती वाढलं ते मोजायचं. ज्या मात्रेला वाढीचा वेग निम्म्यावर येतो, तो आकडा म्हणजे काकांचं पीक.

आमच्याकडे शेवाळ म्हणजे पावसाळ्यात गच्चीवर ब्लीचिंग टाकून घासायची वस्तू. ते नीट वाढतंय ना, याची काळजी करायचा पगार घेणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो हे कळल्यावर नाव पडायला कितीसा वेळ! मूळ आडनाव आता फक्त लाइटबिलावर आहे.

त्यांचं लाडकं शेवाळ मात्र इथलं नाही. नॉर्वेतल्या नितेल्वा नदीतून 1959 साली वेगळं काढलेलं, एकपेशी, चंद्रकोरीच्या आकाराचं. त्याच वाणाचे वंशज आज जगभरच्या प्रयोगशाळांत नांदतायत. "माहेर नॉर्वेचं, पण पोर कुठेही रुळते," असं काका कौतुकानं सांगतात. तिचं नाव आधी सेलेनास्ट्रम होतं, मग शूडोकिर्चनेरिएला झालं, आता राफिडोसेलिस आहे. "आमच्या आईचं नाव लग्नात एकदाच बदललं," काका म्हणतात, "हिचं शास्त्रज्ञांनी दोनदा बदललं. तक्रार नाही बिचारीची."

मोजणी चोवीस तासांनी, अठ्ठेचाळीस तासांनी आणि बहात्तर तासांनी. सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी आखलेली काच, त्यात एकेक पेशी, आणि हातात टकटक करणारा काउंटर. मशीन आलं तरी काकांचा अंगठा काही थांबला नाही. फलाटावर उभे असले की तो खिशातल्या खिशात हलत असतो. किती लोक चढले, किती लटकले, किती राहिले. खाडीपुलावर गाडी आली आणि खाली रोहित पक्षी दिसले की अंगठ्याला वेगच येतो. त्या वेळी शेजारी कुणी नुसतं "काय सुंदर ना!" म्हणालं की संपलंच. "खातात काय ते? चिखलातलं शेवाळ! रंग कुठून येतो? तिथूनच!" दोन हजार बावीसमध्ये ठाणे खाडीला रामसरचा दर्जा मिळाला, तेव्हा काका पेढे घेऊन आले होते. मी म्हटलं, "मग आता खाडीचं पाणी तपासा की." तर एकदम परके झाले. "खाऱ्या पाण्याचं शेवाळ वेगळं, टेस्ट वेगळी. आमची पोर गोड्या पाण्यातली."

लिहिण्याची शिस्त तर विचारू नका. प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे चुकलेला आकडा खोडरबरानं घालवायचा नाही, त्यावर व्हाइटनर फिरवायचा नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख आणि कारण. असे नियम पाळून काढलेले आकडे देशादेशांनी एकमेकांचे मानायचे अशी एक व्यवस्था आहे; 2011 पासून भारत तिच्यात पूर्ण सामील झाल्यामुळे काकांचा आकडा जर्मनीतही चालतो, जपानातही चालतो. त्यांच्या घरच्या दुधाच्या वहीला ही कीर्ती ठाऊक नसावी, पण तिथेही "1 लि." खोडून "½ लि." केलेलं आहे, शेजारी सही आणि कारण: "पाहुणे गेले." काकूंनी एकदा किराण्याच्या यादीतला गूळ गिचमिड करून खोडला, तर काकांनी ती यादी त्यांना परत लिहायला लावली. गूळ त्या महिन्यात आलाच नाही, कारण काकू यादीसह माहेरी गेल्या.

ऑफिसात त्यांचं माशांवाल्यांशी पटत नाही. तिथे तीन घराणी: डॅफ्निया नावाच्या पाणपिसवांवाले अठ्ठेचाळीस तासांचे, माशांवाले शहाण्णव तासांचे आणि मधले हे. मासा उलटा झाला की सगळी लॅब बघायला धावते. शेवाळ वाढायचं थांबलं तर कोण बघतंय? "अरे, ॲट्राझीनसारखं तणनाशक पाण्यात गेलं," काका माझा दंड धरून सांगतात, "तर ते प्रकाशसंश्लेषणच बंद पाडतं. ज्या मात्रेला मासा मजेत पोहतो, त्या मात्रेला हिची वाढ बंद. मासा नंतर उपाशी मरतो, तेव्हा तो माशांवाल्यांच्या तक्त्यात येत नाही!" हे ते इतक्या कळवळ्यानं सांगतात की मी उगाच माशांवाल्यांवर चिडतो.

26 जुलै 2005 हा मंगळवार होता. हे मला ठाऊक असायचं कारण इतकंच, की काका टेस्ट सोमवारी लावतात म्हणजे गुरुवारी संपते आणि रविवार वाचतो. त्या दिवशी गाड्या बंद, सगळीकडे पाणी, आणि काका पलीकडे. कसाबसा फोन लागला तेव्हा काकूंनी रडत विचारलं, "कसे आहात?" काका म्हणाले, "जनरेटर चालू आहे."

पण काकांचं खरं दुखणं वेगळंच आहे. प्रत्येक टेस्टमध्ये काही फ्लास्क रसायनाविना ठेवतात, बाकी पाणी, उजेड, तापमान सगळं तेच. हे कंट्रोल. त्यातलं शेवाळ बहात्तर तासांत निदान सोळापट वाढलं नाही तर अख्खी टेस्ट बाद. त्यामुळे कुणी कसलाही अनुभव सांगायला लागलं की काका विचारतात, "कंट्रोल कुठाय?" पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, गुळवेलीचा काढा घेतो, वर्षभर सर्दी नाही. "न घेता बसलेले तुमच्यासारखे दुसरे आजोबा दाखवा." सुर्वेवहिनी म्हणाल्या, क्लास लावल्यापासून बंड्याचे मार्क वाढले. "क्लास न लावलेला जुळा भाऊ आहे का बंड्याला?" वहिनींनी पंधरा दिवस जिन्यात ओळख दिली नाही. काकांनी तीही नोंद ठेवली असेल.

मध्यंतरी सोसायटीच्या बागेतलं कारंज्याचं टाकं हिरवंगार झालं. सेक्रेटरींनी दुकानातून मोरचूद आणला, ओंजळभर टाकायचा बेत. काका आडवे आले. "मात्रा किती?" टाक्यात डासांसाठी सोडलेले गप्पी मासे होते. "मोरचुदातलं तांबं त्यांनाही बाधतं. आणि शेवाळ एकदम मेलं तर कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेईल, सकाळी गप्पी वर तरंगतील." सेक्रेटरी म्हणाले, मग तुम्हीच ठरवा. चूक इथे झाली.

काकांनी जॅमच्या बाटल्या जमवल्या. पाच मात्रा, प्रत्येकीच्या तीन बाटल्या, आणि कंट्रोलच्या सहा. सगळ्यांवर चिठ्ठ्या. दिवसातून दोनदा गॅलरीत जाऊन बाटल्या हलवायच्या आणि त्यांच्या जागा बदलायच्या, म्हणजे उजेड सगळ्यांना सारखा. मोरचूद घातलेल्या बाटल्या दुसऱ्याच दिवशी फिक्या पडू लागल्या. कंट्रोल मात्र जोमानं हिरवे होत गेले. तिसऱ्या दिवशी काका कामावर असताना काकूंना गॅलरीत घाणेरड्या पाण्याच्या सहा बाटल्या दिसल्या. त्यांनी त्या विम लावून लख्ख धुतल्या आणि लोणच्याला काढून ठेवल्या. बाकीच्या, बऱ्यापैकी स्वच्छ दिसणाऱ्या, तशाच राहू दिल्या.

संध्याकाळी जिन्यापर्यंत आवाज आला: "टेस्ट इनव्हॅलिड!"

दुसऱ्यांदा बाटल्या लावताना त्यांनी पाण्याकडेही नीट पाहिलं. तळाशी निर्माल्य कुजलेलं, भिजलेली बिस्किटं, आणि कुणीतरी गप्पींना रोज घातलेला उपम्याचा लगदा. शेवाळाला इतकं खत मिळाल्यावर ते दुसरं काय करणार? टाकं उपसलं, गाळ कुंड्यांना घातला, मोरचूदची पुडी सेक्रेटरींच्या कपाटात गेली. नोटीस काकांनीच लिहिली. "टाक्यात अन्न टाकू नये" मधला "अन्न" आडवी रेघ मारून "काहीही" केलेला आहे, सही, तारीख, कारण: "उपमा हे अन्न आहे का यावर वाद."

परवा सोसायटीची निवडणूक झाली. निकाल लागला त्याच रात्री मी काकांना गाठून विचारलं, नवीन सेक्रेटरी कसे वाटतात. काकांनी हातातला चहा गोल फिरवला, दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "किती तास झाले?"