धुराला वाट द्या

मंचेरियलच्या रस्त्यावर दोन आवाज डोळे मिटूनही ओळखू येतात: सिंगरेणीचा कोळसा वाहणाऱ्या टिपरचा आणि सायलेन्सरची जाळी काढलेल्या बुलेटचा. टिपर पोटासाठी ओरडतो, बुलेट हौसेसाठी.

या हौसेवर चहाच्या टपरीवर ठरलेली हरकत येते, "बॅकप्रेशर गेलं की व्हॉल्व्ह जळतात, भाऊ." सांगणारा राजुऱ्याचा असो की आसिफाबादचा, मराठीत सांगो की तेलुगूत, खात्री तीच. 2016 साली मंचेरियल जिल्हा आदिलाबादपासून सुटला, हा समज काही सुटला नाही. मला या वाक्याचं कौतुक वाटतं. इतकं चुकीचं असून गल्लीच्या झोपेला इतकं उपयोगी वाक्य विरळा.

इंजिनाला धूर बाहेर गेलेलाच हवा असतो. निरोप घेऊन उंबरठ्यावर तासभर बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखा तो रेंगाळला, तर जाच दाराला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधीच सहा-सातशे अंशांत वावरतो, त्यात कोंडलेल्या धुराची धग. मग मोकळ्या पाइपवर व्हॉल्व्ह जळतो तो का? जुन्या गाडीत कार्ब्युरेटरचं जेट कंपनीच्या सायलेन्सरच्या हिशेबाने बसवलेलं असतं. पाइप मोकळा केला की हवा जास्त ओढली जाते, पेट्रोल त्या मानाने कमी पडतं आणि इंजिन तापतं. करणी जेटची, आळ बॅकप्रेशरवर!

दुसरा गुन्हेगार दिसायला अगदी गरीब. व्हॉल्व्ह सीटवर टेकतो तेव्हाच त्याची बहुतेक उष्णता हेडमध्ये उतरते. सीट झिजून तो आत बसत गेला, की टॅपेटची फट कमी होते, टकटक थांबते. मालक खूश, "गाडी कशी शांत झाली!" इकडे व्हॉल्व्ह पुरता टेकतच नाही, कडेने जळत जातो. 2000 साली पेट्रोलमधलं शिसं गेलं, तेव्हा जुन्या मऊ सीटचा तर आधारच गेला.

टिपरच्या एक्झॉस्ट ब्रेकला मात्र मी मानतो. तिथे उतारावर झडप लावून धूर मुद्दाम कोंडतात आणि इंजिनच चाकांना आवरतं. पण दाब मर्यादेबाहेर चढला तर मिटलेला व्हॉल्व्ह मागून ढकलला जातो आणि परत सीटवर आपटतो. म्हणून तिथे स्प्रिंग ताठ लागतात.

तेव्हा जुन्या गाडीचा सायलेन्सर बदलायचाच असेल, तर जेटचंही बघा, आणि टॅपेटची फट इंजिन थंड असताना फिलर गेजने मोजून घ्या. मे महिन्यात मंचेरियलला थंड इंजिन पहाटेच मिळतं. मिस्त्री मात्र दहाशिवाय शटर उघडत नाही.