दाते मोजणारे तात्या

लालबागला आमच्या चाळीखाली कुणी उकिडवं बसून लोखंडी दांड्यावर खडूची खूण करताना दिसलं, तर त्याला हाक मारू नये. ते तात्या असतात आणि एक्सलचे दाते मोजत असतात. "गप रे, मोजतंय!" असं ऐकू आलं की समजावं, मोजणी पुन्हा एकपासून. पोरं तर मुद्दाम गॅलरीतून "तेवीस! एकोणतीस!" ओरडतात. तात्या वर न बघता शिवी हासडतात आणि खूण पुसतात.

तात्या मूळचे गिरणीतले फिटर. १९८२च्या संपात गिरणी सुटली, पाना सुटला नाही. मग गाड्या. तेव्हा कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीवर त्यांचा भारी जीव. तिचा गिअरबॉक्स बदला, मागचा एक्सल जागचा हलत नाही. फार तर मधला प्रोपेलर शाफ्ट कमी-जास्त करायचा. १९८३मध्ये मारुती आली, पुढची चाकं गाडी ओढू लागली आणि डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात गेलं. आता पेटी बदलायची तर एक्सलही जुळवा. ही सोय कुणाची, असं तात्या अजून विचारतात.

माझ्या मारुती ८००ला पाच गिअरची पेटी बसवायची हौस माझीच. कुर्ल्याच्या भंगारातून आणली. दुकानदार म्हणाला, "सेम टू सेम." या तीन शब्दांवर तात्यांचा जेवढा राग, तेवढा गिरणीमालकांवरही नसेल. एक्सलचं एक टोक पेटीत बसायला हवं, दुसरं चाकाच्या हबमध्ये. हबमधलं बसलं, पेटीतलं बसेना. नाक्यावरचा वेल्डर म्हणाला, दोन एक्सल मधोमध कापून जोडून देतो. तात्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. "पयल्याच खड्ड्यात तुटतलो. मगे रडत बस."

शेवटी आतला जॉईंट पेटीच्या जातीचा, बाहेरचा माझ्या गाडीचा आणि मधे परळला लेथवर कातलेला नवा शाफ्ट. कातून भागत नाही, त्याला पाणी द्यावं लागतं, नाहीतर जोर पडताच पिळतो. लांबीचं माप घ्यायला तात्यांनी गाडी जॅकवरून खाली घेतली, कारण लोंबत्या चाकाचं माप खोटं. शिवाय वजनाला म्हणून तीच गॅलरीतली चार पोरं आत बसवली. "तोंड उघडलात तर बघा." शाफ्ट लांब झाला तर आत ठोकतो, आखूड झाला तर खड्ड्यात जॉईंट निसटतो. डाव्याचं माप उजव्याला चालत नाही. तीन रविवार गेले.

गाडी झकास झाली. पण लालबाग ते दादर पाचवा गिअर टाकणार कुठे? म्हणून गणपतीत कणकवलीला निघालो. माणगावला तीन तास अडकलो. संगमेश्वरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि पाचवा पडला. तेव्हा तात्या शेजारी तोंड उघडं टाकून झोपले होते.