भिकबाळी, व्हाया हौज खास

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. करोलबागेत सोन्याच्या गलाईचं काम करणारी आपली सांगली-विट्याकडची माणसं कित्येक वर्षं आहेत. पण गुरुग्रामच्या आमच्या भाच्याला भिकबाळी हवी ती हौज खासच्या स्टुडिओतूनच, आणि तीही टायटॅनियमची! अभ्यास मात्र पक्का: बंदुकीनं टोचायचं नाही, कूर्चेला इजा होते, निर्जंतुक, पोकळ सुईच हवी, जखम पूर्ण भरायला सहा महिने ते वर्षही लागतं. एवढी चौकशी त्यानं नोएडात फ्लॅट घेताना केली असती तर आज ताबा मिळाला असता. ताईला एकच घोर, मुलीकडचे काय म्हणतील? पणजोबा भिकबाळी घालूनच बोहल्यावर चढले होते, याची मी आठवण करून दिली.

“त्यात मोती होते,” ताई म्हणाली.