तीनशे गुणांचा पैलवान

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर भाचा दोस्तांसंगं फासे टाकत बसलेला. एकदम ओरडला, "मामा, माझा योद्धा दुसऱ्या लेव्हलला गेला!" मेहनत किती? ३०० अनुभव-गुण. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या २०१४च्या नियमांतला हा दर. १९७४च्या मूळ खेळात तर भुयारातून उचलून आणलेल्या सोन्याचेही गुण मिळत. म्हणजे खासबागेच्या कुस्ती मैदानात लांग न कसताच इनामाची थैली काखोटीला मारून पळालेला गडी वरच्या जोडीत! (आमच्याकडं अशाला पैलवान म्हणत नाहीत, तिकीट मात्र मिळतं.)

त्यातल्या त्यात १९७८चा 'रूनक्वेस्ट' हा तसलाच खेळ शहाणा. यशस्वीपणे वापरलेलं कौशल्य वाढतं, तेही फासा त्या कौशल्याच्या आहे त्या टक्क्यांच्या वर पडला तर. जितका तयार, तितकी वाढ अवघड. धोबीपछाडीत मुरलेल्या कुणालाही विचारा.

म्हटलं, "लेका, तालमीचे नियम घाल की. पहाटे चारला उठला नाही, गुण वजा. चार दिवस जोर चुकले, एक लेव्हल खाली. लग्न ठरलं, दोन."

"आणि खुराक?"

"थंडाईचे बदाम ज्यानं त्यानं घोटायचे. कुंडीत. हातानं."

फासे थांबले. एकानं हळूच मिक्सर चालेल का, विचारलं.